अप्पांनी मला लांब दोर दिला

महानंदाचा फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या तंत्रनिकेतनात पेपर तपासत बसलो होतो. "काका, अप्पा लिंगैक्य झाले," एवढंच ती म्हणाली. रडली नाही. मीही रडलो नाही. "निघतो," म्हणालो आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली... गुण दिले, बेरीज केली, सही केली, आणि मग एकदम लक्षात आलं की आपल्याला लातूरला जायचंय.

शिवलिंगअप्पांचं लातूरच्या गंजगोलाईत, भर बाजारपेठेत, दोर-ताडपत्रीचं दुकान. माणूस ठेंगणा, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायचं. या माणसाला ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, वेड कसं लागलं ते त्यांच्या लेकीलाही, महानंदालाही, कधी उमगलं नाही. गावाबाहेरच्या धावपट्टीवर आमचा लहानसा क्लब रविवारी जमायचा. इंजिनाचं एक विमान दोरानं ग्लायडर ओढत वर न्यायचं, उंची मिळाली की ग्लायडरवाल्यानं दोर सोडायचा, आणि विमान पुढच्याला न्यायला खाली यायचं. विमान एकच आणि परवानगी दुपारपर्यंतची. मुखेड-उदगीरहून पहिल्या एसटीनं आलेली माणसं बाभळीखाली ताटकळायची, त्यातली निम्मी न उडताच परत जायची. मुखेडचे एक गुरुजी लागोपाठ दोनदा तसे निघाले, तेव्हा अप्पा उखडले.

"विमान रिकामंच जाऊन राहिलं ना वर? मग एकालाच कामून नेता? दोघांला बांधा की!"

"अप्पा, हे काय टमटम हाय का?" गुरुजीच म्हणाले.

"टमटममधी दहा कोंबतेत, गुरुजी. मी दोनच म्हणून राहिलो."

ही काही अप्पांनी काढलेली युक्ती नव्हती. एका विमानामागं दोन ग्लायडर ओढतात, आमचं विमान चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी ते पूर्वी केलेलंही होतं. एक दोर लांब, एक आखूड. लांब दोरावरचा मागं आणि वर राहतो, आखूड दोरावरचा पुढं आणि खाली. खालच्याला वरचा दिसत नाही, म्हणून नियम एकच. विमानानं पंख हलवून खूण केली की आधी वरच्यानं दोर सोडून बाजूला व्हायचं, पुन्हा खूण झाली की मग खालच्यानं. त्या हिवाळ्यात बाभळीखालची वाट बघणं संपलं. गुरुजी तर एका दिवसात दोनदा उडून आले आणि सगळ्यांना पेढे वाटले. लांब दोर नेहमी अप्पांचा असायचा. मी बहुतेकदा त्यांच्या खाली.

त्याच हिवाळ्यातल्या एका रविवाराबद्दल मी आजवर कुठं बोललो नाही. आज महानंदाला विचारून लिहितोय.

त्या दिवशी अप्पा म्हणाले, "इलास, आज लांब दोर तू घे. मला किती दिस डोक्यावर ठेवतो?" मला केवढा आनंद झाला होता! आम्ही वर गेलो. हवा छान होती, खाली तुरी पिवळ्या झालेल्या. विमानानं पंख हलवले. नियम मला पाठ होता, नव्या लोकांना मीच शिकवायचो. तरी माझा हात दोर सोडायच्या मुठीवर नुसता ठेवलेला राहिला. आमच्याकडं पंगतीत मोठं माणूस ताटावरून उठल्याशिवाय कुणी उठत नाही. लहानपणी आईनं त्यासाठी मला चिमटे काढलेत. अप्पांच्या आधी मी कधी गाडीतूनसुद्धा उतरलो नव्हतो. खाली त्यांचे पांढरे पंख दिसत होते आणि मी थांबलो होतो... ते उठायची वाट बघत. कॅप्टननं पुन्हा खूण केली. अप्पांना वाटलं असणार, वरचा गेला, आता आपल्याला बोलावतायत. त्यांनी दोर सोडला आणि सवयीनं उजवीकडं वर वळले. वर माझा दोर होता. तो त्यांच्या पंखात अडकला. मी मूठ ओढली ती त्यानंतर.

ते तिरके होत तुरीच्या रानात गेले. मी वरून सगळं बघितलं. एअरब्रेक उघडले तरी हवा मला खाली येऊ देईना, इतकी चांगली होती ती त्या दिवशी. घिरट्या घालत होतो आणि रानातून माणसं धावताना दिसत होती. त्यांच्यात मी नव्हतो.

अप्पांचा मणका गेला. ते पुन्हा चालले नाहीत. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाले, "कुणी इचारलं तर माझा हात चुकला मनायचं."

"अप्पा, पण मी..."

"गप. माझी कंबर गेली ती गेली. तिच्यासंगं तुझी नोकरी कशाला घालतो? लेकरं लहान हायेत तुझी."

मी गप्प बसलो. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. क्लब बंद पडला, धावपट्टीवर बाहेरची विमानं तेवढी येत-जात राहिली. महानंदा पुण्याची नोकरी सोडून आली आणि दुकानात बसायला लागली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. ती मला आग्रहानं वाढायची आणि बापाला टोचायची, "दोन-दोन उडवायची घाई! कुणाची गाडी चुकत होती?"

"गुरुजीची," अप्पा हसून म्हणायचे.

एकदा मात्र ती संतापली. "तुमच्या हट्टापायी माझं आयुष्य या दोरांच्या भेंडोळ्यात गेलं," असं माझ्यादेखत म्हणाली. अप्पा भिंतीकडं बघत राहिले. मी बशीतला चहा संपवला. अगदी शेवटपर्यंत.

शेवटच्या भेटीत ती दुकानात असताना मी म्हणालो, "अप्पा, आता तिला सांगतो." त्यांनी नको म्हणून मान हलवली. "मला बोलून ती मोकळी होऊन जाती. तुला बोलली, तर तू यायचा बंद होशील. मग माझ्याकडं कोण येतंय?" एवढं बोलायलाही त्यांना दम लागला. मी पाय चेपत बसलो. तेवढंच जमत होतं.

मातीच्या दिवशी बोलता आलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो आणि अप्पांच्या खोलीत महानंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे मला आता कामून सांगितलं?"

"तुला खरं कळावं म्हणून."

"खरं कळून मी काय करू? तुमचं काम झालं. पण मी त्यांना बोलले ना... लई बोलले. ते कुणापाशी जाऊन परत घेऊ?"

इतकी वर्षं मी माझं ओझं बघत आलो. ते उतरवायला जागा शोधली, तीही तिच्याच पदरात.

अप्पांचा पलंग अजून तसाच आहे. उशाकडच्या पायांखाली विटा आहेत, त्यांनी हट्टानं लावून घेतलेल्या. "हितून मला धावपट्टीवरली विमानं चढताना दिसतेत, माझं झकास चाललंय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आम्हालाही. महानंदानं चादर सारखी केली आणि एकदम त्यावर आडवी झाली. उशीवर डोकं टेकून खिडकीकडं बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "हितून तर नुसती शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसती."