पियानो नापास करणारं मंडळ

परभणी, रविवार, ३० मार्च १९८६. सकाळपासून कोरडं ऊन, वारा अजिबात नाही.

चार माणसं दर रविवारी एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी कुणी शहाणं असावं लागत नाही. आमच्या मंडळात तर ती भीतीच नव्हती!

आम्ही चौघं. निवृत्त वकीलसाहेब अध्यक्ष. दातांचे डॉक्टर, कारण रेकॉर्ड प्लेअर त्यांच्या दिवाणखान्यात. पालमच्या शाळेतले वाघमारे सर. आणि टिपणं ठेवणारा मी. पियानोच्या जुन्या रेकॉर्डी कंपन्या आता नव्याने छापतात आणि आठ-दहा एका पेटीत घालून संच म्हणून विकतात. मुंबईचा एक दुकानदार असे संच पसंतीवर पाठवायचा. आम्ही ऐकून शिफारस करायची आणि ग्रंथालयाने एक संच घ्यायचा. मार्चअखेर घेतला नाही, तर अनुदान परत!

धास्ती होती ती एकट्या वाघमारे सरांना. त्यांच्या शाळेला कुणीतरी प्लेअर भेट दिला होता, रेकॉर्ड एकही नव्हती. "ग्रंथालयात संच आला की शाळेत नेता येईल. पोरांनी पियानो ऐकलेलाच न्हाई."

*

पहिला संच आला. वकीलसाहेबांनी पेटी हातावर तोलली, वास घेतला, मागची छपाई डोळ्यांशी नेऊन वाचली.

"छपाई निकृष्ट. वादनही तसंच असणार!"

"एकदा लावून तर पाहू," डॉक्टर म्हणाले.

"आणि लावून मत बदललं तर?"

संच परत गेला.

*

दुसरा मात्र आम्ही ऐकला. एक बाजू पूर्ण! वकीलसाहेब मांडीवर हात ठेवून समेची वाट बघत होते. सम काही येईना.

"तबला कुठं आहे?"

"साहेब, ह्ये एकट्याचंच वादन असतंय," वाघमारे सर म्हणाले.

"म्हणजे नव्या छपाईत तबलजीला घरी बसवलं! जुन्या रेकॉर्डीत असा कंजूषपणा नव्हता."

"जुनी तुम्ही ऐकलीय?" मी विचारलं.

"ऐकायची कशाला? जुनी आहे ना!"

*

तिसऱ्या संचातली एक रेकॉर्ड डॉक्टरांकडे मूळ छपाईत होती. त्यांनी दोन्ही पाठोपाठ लावल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

"यांनी खरखर काढून टाकली हो! इतकी वर्षं ती खरखर माझ्या ओळखीची. सगळा जीव तिच्यातच होता."

आतून डॉक्टरांच्या बायकोचा, वहिनींचा आवाज आला, "मग मी शेंगदाणे भाजायला घेते. ती खरखर ऐका आणि पास करा!"

नापास.

*

मत घ्यायची आमची रीत अशी: आधी चहा, मग मतं, अध्यक्षांपासून सुरुवात, वाघमारे सर शेवटी. पालमची शेवटची एसटी साडेपाचला. चहाही बरोबर साडेपाचला!

एकदा सर म्हणाले, "साहेब, माझं मत आधी घ्या की. गाडी जायलीय."

"घाईत दिलेलं मत कच्चं असतं, वाघमारे!"

ते गेल्यावर मी विचारलं, "त्यांचं काय लिहू?"

"गैरहजर म्हणजे सहमत. तसा कायदाच आहे."

"कुठला कायदा?"

"पुस्तक घरी आहे."

*

चौथा संच मागच्या रविवारी लावला. पियानो नुसता कण्हत होता. "रडका! आजारी माणसाला बसवलंय वाजवायला," वकीलसाहेब म्हणाले आणि दुकानदाराला खरमरीत पत्र टाकून मोकळे झाले. पार्सल बांधायला सुतळी सापडेना, म्हणून पेटी डॉक्टरांकडेच राहिली.

आज वाघमारे सर आले आणि दुपारी विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव बंद झालं. बाजार मिटला, पिठाच्या गिरण्या थांबल्या, एसटी डेपोतून हलेना. वहिनी म्हणाल्या, "सर, आज मुक्काम इथंच. भाकरी आमच्याकडं."

साडेपाच वाजले. चहा झाला. वाघमारे सर जागेवरच! वकीलसाहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"बसलोच हाय, तर त्यो मागचा संच एकदा लावा की डॉक्टर," सर म्हणाले.

डॉक्टरांनी लावला. पियानो स्वच्छ, चपळ. एकेक सूर टणटणीत. वकीलसाहेब ताठ बसले.

"बघा! माझं पत्र पोचलं. कंपनीने वादकाला समज दिलेली दिसते!"

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, पेटी इथून हललीच नाही. आज गिरण्या बंद, म्हणून विजेला जोर आहे. एरवी हा प्लेअर माझ्या पंख्यासारखा रेंगाळतो."

"वहिनी, वीज वेगळी आणि कला वेगळी! माझ्या पत्राची प्रत पेटीत ठेवणार असाल, तर माझं मत अनुकूल."

"ठिवा की साहेब," वाघमारे सर म्हणाले. "पोरं वाचतील."

चौथा संच घ्यावा: चार विरुद्ध शून्य, मंजूर. पहिले दोन महिने तो पालमच्या शाळेकडे राहावा: चार विरुद्ध शून्य, मंजूर. वकीलसाहेबांच्या पत्राची प्रत पेटीत ठेवावी: तीन विरुद्ध एक (मी), मंजूर.