पहिल्या बक्षिसाचं चित्र

वस्त्यांवरच्या पोरांनी तिचं नाव टिटवीबाई पाडलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका शाळेत कुणी ऐकेना, गोंधळ काही थांबेना, तेव्हा तिने तोंडाजवळ हात धरून टिटवीचा आवाज काढला आणि खिडकीबाहेरच्या माळावरून खऱ्या टिटवीने उत्तर दिलं. वर्ग चिडीचूप. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

अभयारण्याच्या निसर्ग शिक्षण केंद्रात ती अठरा वर्षं होती, तीही कंत्राटावर, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर. केंद्र म्हणजे एकेकाळचं बियाण्यांचं कोठार. आत पेंढा भरलेलं घुबड, त्याचा एक डोळा कधीचा गळून पडलेला. बरण्यांमधले साप. भिंतीवर बटण दाबलं की दिवे लागणारा नकाशा, त्यातले चारच दिवे शुद्धीवर. शाळांच्या बसगाड्या आल्या की ती मुलांना घुबडाच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने उभं करायची.

पण तिचं खरं काम केंद्राबाहेर होतं. अभयारण्याच्या कडेने पाच वस्त्या होत्या आणि मंगळवार-गुरुवार ती तिथे जायची. सुरुवातीला लोकांना वाटायचं, ही वनरक्षकांची खबरी. ती आली की बोलणारी माणसं गप्प व्हायची, दारं अर्धी लोटली जायची. तिने घाई केली नाही. नळावर बायकांशेजारी बसली, शाळेचे अर्ज भरून दिले, एका म्हाताऱ्याला साप चावला तेव्हा जीप अडवून त्याला दवाखान्यात नेलं. प्रत्येक बैठकीत ती एकच गोष्ट सांगायची, "मी बोलायला येते, बघायला नाही."

सहा-सात वर्षांनी लोकांनी ते खरं मानलं. मग तिच्यादेखत सगळं बोललं जाऊ लागलं. कुणी कुठे फास लावला, कुणाला ससा सापडला, कुणाचा रिकामा गेला. ती या कानाने ऐकायची, त्या कानाने सोडून द्यायची आणि मग फास का लावू नये यावर तासभर डोकं खायची. काहींनी खरंच सोडलं. ठाण्यावरचा वनरक्षक तिला म्हणायचा, "बाई, तुम्हाला सगळी अंडीपिल्ली ठाऊक. जरा आमच्याही कानावर घाला की."

"तुमचं काम तुम्ही करा, माझं मला करू द्या," असं म्हणून ती त्याला वाटेला लावायची.

केंद्रात येण्याआधी ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. दरवर्षीची चित्रस्पर्धा तिनेच सुरू केली होती आणि तिच्यात तिचा जीव होता. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि बाजूला झोपडी, असलं चित्र दिसलं की तिच्या कपाळावर आठी चढे. "हे तुम्ही कुठे पाहिलंत? इथे आहे का डोंगर? जे डोळ्यांनी पाहिलंत ते काढा. पाठ केलेलं नको," असं ती मुलांना बजावायची.

वीटभट्टीपलीकडच्या वस्तीवर एक मुलगी होती, पाचवीतली. अंगाने इतकी बारकी की सगळे तिला चिमटी म्हणत. बाप भट्टीवर विटा वाहायचा, आई तिथेच माती मळायची. ही पोरगी रचलेल्या विटांवर कोळशाने चित्रं काढायची. बकरी काढली तर ती बकरी कुणाची हेही वस्तीला कळायचं. टिटवीबाईने पाहिलं आणि तिला हर्षच झाला. इतक्या वर्षांत असा हात तिने पाहिला नव्हता. तिने आपल्या पिशवीतली खडूंची नवी पेटी आणि जाड कागद तिच्या हातात दिले.

"काय काढू बाई?"

"तुला जे दिसलं ते."

स्पर्धेची चित्रं गठ्ठ्याने आली. टेबलावर एकेक उलटताना टिटवीबाई चिमटीच्या चित्रापाशी थांबली. पहाटेचा करडा माळ. एक माणूस उकिडवा बसलेला, पाठ आपल्याकडे, हातात तार. समोर हरीण, एक पाय दुमडलेला, मान तिरकी, डोळा उघडा. थोड्या अंतरावर एक लहान मुलगी, दोन्ही हात काखेत घातलेले, थंडी वाजत असल्यासारखे. तारेची गाठ इतकी बरोबर होती की चित्र पाहून कुणीही तशी गाठ मारली असती.

हे मनाने रचलेलं नव्हतं. टिटवीबाईला ते पहिल्या नजरेतच कळलं. माणसाचा डावा खांदा उतरलेला होता आणि चिमटीच्या बापाचा खांदा विटा वाहून तसाच उतरलेला होता.

तिने ते चित्र बाजूला काढून बाद झालेल्या गठ्ठ्यात ठेवलं. चहा प्यायली. मग पुन्हा बाहेर काढलं. चित्र ते चित्र, असं तिने स्वतःला समजावलं. चित्र पाहून कोण कुणाच्या घरी जातंय? आणि शिवाय, तिच्या शिकवण्यातून असं काही निघालंय हे चार लोकांना दिसायला नको का? ही शेवटची गोष्ट तिने मनात पूर्ण वाक्यात म्हटली नाही, पण होती तीच.

परीक्षक दोघे होते, एक मुख्याध्यापक आणि एक छायाचित्रकार. दोघांनी एका सुरात त्यालाच पहिलं बक्षीस दिलं. ती त्यांना थांबवू शकली असती. तिने प्रमाणपत्रावर चिमटीचं नाव सुंदर अक्षरात लिहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी वनखात्याच्या एक वरिष्ठ अधिकारी पाहुण्या म्हणून आल्या. केंद्र झाडून-पुसून लख्ख केलेलं. सोबत अभयारण्याचे नवे साहेब होते. मऊ बोलणारे, सारखा चष्मा पुसणारे, कधी आवाज न चढवणारे. पाहुण्या चित्रापुढे थबकल्या.

"लहान मुलाचं आहे हे? विश्वास बसत नाही!"

"मुलीचं आहे मॅडम," टिटवीबाई पुढे होऊन म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि चित्राजवळ वाकले. तारेजवळ बराच वेळ पाहत राहिले.

"कुठली मुलगी ही, बाई?"

"तिसऱ्या वस्तीवरची, सर. वीटभट्टीच्या पलीकडे शेवटचं घर. मी स्वतः शोधून काढली. वडील भट्टीवर आहेत."

"छान," साहेब म्हणाले. "फार बारकाईने पाहते मुलगी."

तीन दिवसांनी सकाळी ती केंद्राचं कुलूप काढत होती तेव्हा जीपचा चालक विडी विझवत म्हणाला, "तुमच्या चित्रातला माणूस आणला हो बाई काल. छपरात तार सापडली, दोन शिंगं सापडली. कोठडीत आहे."

तिच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. बसा म्हटलं नव्हतं तरी बसली.

"सर, ते चित्र होतं. स्पर्धेतलं."

"हो."

"त्या लोकांना मी सांगितलंय की मी बघायला येत नाही. अठरा वर्षं सांगतेय."

"तुम्ही नाहीच बघितलं, बाई. मी बघितलं." साहेबांचा आवाज तसाच मऊ होता. "आणि चित्राचा पुरावा कोण लावतंय? पुरावा छपरात सापडला. चित्र ही फक्त माहिती."

"पण लोक म्हणतील मी..."

"लोक चार दिवस म्हणतील. हरीण मारलंय त्याने. की ते बरोबर होतं, असं तुमचं म्हणणं आहे?"

नव्हतं. हाच तर घोळ होता. असल्या माणसाशी भांडायला जी बाजू लागते, ती बाजूच तिच्याकडे नव्हती. ती उठली. ती दाराशी पोचली तेव्हा साहेब म्हणाले, "लोकसहभागाचं इतकं चांगलं उदाहरण गेल्या कित्येक वर्षांत नाही. वर तुमचं नाव कळवतोय."

त्या दिवशी मंगळवार नव्हता, गुरुवारही नव्हता, तरी ती वस्तीवर गेली. नळावरच्या बायकांनी तिला पाहिलं आणि आपापल्या कळश्या अर्ध्याच भरून त्या निघून गेल्या. पाणी तसंच वाहत राहिलं, तिने नळ बंद केला.

शेवटच्या घराबाहेर चिमटीची आई भांडी घासत होती. छपराचे पत्रे एका बाजूने उचकटलेले तसेच होते. आईने मान वर केली नाही.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं की ते असं करतील."

"चित्र काय आहे ते माहीत होतं का नव्हतं?"

टिटवीबाईने उचकटलेल्या पत्र्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला आम्ही घरात घेतलं," आई म्हणाली. ती ओरडत नव्हती, राखेने एकच ताट पुन्हा पुन्हा घासत होती. "माझ्या नवऱ्याने तुमच्यासमोर सांगितलं होतं, या हिवाळ्यानंतर सोडतो म्हणून. आठवतंय? तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या."

आठवत होतं.

चिमटी दाराच्या आड उभी होती. गालावर बोटांचे वळ उठले होते, कुणा काकाचे नाहीतर आजीचे. आई जागची हलली नाही. चिमटी दोन पावलं पुढे आली आणि तिने विचारलं, "बाई, चुकलं का माझं चित्र?"

टिटवीबाई खाली बसली. "नाही गं राणी. चित्र एकदम बरोबर होतं."

तेव्हा आईने ताट आपटलं. "चुकलं म्हणा! निदान तिला तरी सांगा की चुकलं. बरोबर असेल तर पोरीने बापाला धरून दिलं असं होतं ना! तेवढं कळत नाही तुम्हाला, एवढं शिकून?"

टिटवीबाईने पोरीकडे पाहिलं. "चुकलं," ती म्हणाली. "माझं चुकलं." पण तोवर चिमटी आत गेली होती. दुसरं वाक्य तिने ऐकलं की पहिल्यावरच वळली, हे टिटवीबाईला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन तिने राजीनामा लिहिला. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने डोळ्यावरचं भिंग न काढता कागद वाचला.

"तू सोडलंस तर तो सुटेल का?"

"नाही."

"मग कुणासाठी सोडतेस?"

ती त्याच्यावर खूप चिडली, कारण तो वाईट बोलला नव्हता. कागद महिनाभर कपाटात राहिला आणि मग दिसेनासा झाला. तिने शोधला नाही.

अकरा महिन्यांचा नवा आदेश या वेळी न मागता आला, सोबत चौकटीतलं प्रशस्तिपत्र. पाचही वस्त्यांनी तिच्यापुढे तोंडाला कुलूप लावलं. ती जायची, माणसं नमस्कार करायची, बसायला चटई टाकायची आणि हवापाण्याचं बोलायची. पुढच्या स्पर्धेला दोनशेबारा चित्रं आली आणि दोनशेबाराही चित्रांत दोन डोंगर, मध्ये सूर्य. आईबापांनी घरी बसवून काढून घेतली असावीत. साहेब खूश झाले. म्हणाले, "यंदा फारच प्रसन्न चित्रं आहेत."

त्याआधीच, अटकेनंतर सात महिन्यांनी, चिमटीचा बाप जामिनावर सुटला होता. भट्टीवाल्याने त्याला परत घेतलं नाही. तेव्हा साहेबांनीच त्याला बोलावून घेतलं आणि अभयारण्यात रोजंदारीवर ठेवलं. काम ठरलं शिक्षण केंद्रात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांपुढे उभं राहून सांगायचं, की मी पूर्वी फास लावायचो, आता रानाचा मित्र झालोय. टेबलावर तार ठेवलेली असायची. गाठ कशी मारतात ते त्याने करून दाखवायचं, मग कात्रीने तार कापायची. लोक टाळ्या वाजवायचे.

भाषण लिहायचं काम अर्थातच टिटवीबाईवर आलं. साहेब म्हणाले, "साधं ठेवा, मनातून आल्यासारखं." तिने चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. त्याने ते घरी नेऊन दुसऱ्या दिवशी पाठ करून आणलं, एकही चूक नाही. केंद्राचा हिरवा सदरा त्याला खांद्यावर बसायचा नाही, डावी बाजू लोंबायची.

तो तिच्याशी कधी वाकडं वागला नाही. सकाळी "नमस्कार बाई" म्हणायचा, खुर्च्या मांडायचा, घुबडावरची धूळ पुसायचा. ती समोर असली की त्याची नजर तिच्या कानाजवळून पुढे जायची. ती दोघं एका खोलीत रोज सात तास असायची आणि त्या खोलीत तिच्याइतकं एकटं कुणी नव्हतं.

एका सकाळी बस यायला उशीर झाला होता. तो टेबलापाशी बसून तारेचे तुकडे सारख्या लांबीचे कापून ठेवत होता. टिटवीबाईने दोन महिने मनात घोळवलेला प्रश्न शेवटी विचारला.

"पोरगी कशी आहे?"

त्याने तार कापली, पुढचा तुकडा मोजला.

"मावशीकडे असते," तो म्हणाला.

"शाळेत जाते ना?"

"ते तुम्ही लिहून दिलेल्यात नाही बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखाद्या पाहुण्याला प्रसाधनगृह कुठे आहे ते सांगावं, तसा.

"मी तिच्यासाठी खडू..."

"नको."

एवढंच. मग बाहेर बसचा हॉर्न वाजला. तो उठला, सदरा नीट केला आणि दार उघडून उभा राहिला. चाळीस मुलं ओरडत आत शिरली. टिटवीबाईने त्यांना रांगेत बसवलं आणि ठरल्याप्रमाणे त्याची ओळख करून दिली. हे काका आता आपले मित्र आहेत, ती म्हणाली. त्याने घसा खाकरला आणि तिचीच वाक्यं एकेक करून म्हणायला सुरुवात केली.