स्टुलावरचा विद्यार्थी

पासष्टी उलटली की अक्कल येते, असं मला वाटायचं. माझी उलटली त्याच वर्षी, सिंगापूरला लेकीच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, मी आठ वर्षांच्या नातीला स्टुलावर उभं केलं. आता दहाएक वर्षं झाली. तेव्हाची मी म्हणजे स्वतःला मोठी शिक्षिका समजणारं एक ध्यान.

नातीची शाळेत तोंडी परीक्षा होती आणि चार माणसांसमोर तिची वाचा बसायची. लेकीला म्हटलं, "तू जा ऑफिसला निवांत. आपल्या घराण्यात यावर इलाज आहे."

इलाज माझ्या पणजोबांचा. एकोणिसाव्या शतकात ते नगरकडच्या एका मिशनच्या वर्गात प्रचारक व्हायला शिकत होते. भर बाजारात उपदेश करायचा तर टवाळी सोसता यायला हवी. म्हणून गुरुजी एकाला स्टुलावर चढवत आणि बाकीच्यांनी बाजार व्हायचं. कोणी आरवायचं, कोणी वाकडे प्रश्न विचारायचे. पणजोबा त्यात पटाईत. एक कोवळ्या आवाजाचा विद्यार्थी होता. पणजोबांनी बकरीसारखं बें-बें करून त्याला असं गारद केलं, की त्याचे नुसते ओठ हलत राहिले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि सगळे हसत पानावर जाऊन बसले. आमच्या घरी ही गोष्ट इथेच संपायची, हसण्यावर.

मी ती नातीला रंगवून सांगितली, तिला हॉलमध्ये स्टुलावर चढवलं आणि बाजार झाले. आरवले. "काय गं, आवाज घरी विसरलीस का?" असं खिजवलं. बें-बें तर इतकं हुबेहूब जमलं की मीच माझ्यावर खूश. तिची दोन वाक्यं कशीबशी आली, मग नुसतेच ओठ. मला वाटलं, नाटकं करतेय. आत चहा उकळत होता. जाऊन गाळला, आणि सावकाश प्यायलेसुद्धा.

बाहेर आले तर अंधारून आलं होतं. ती तशीच उभी. ओठ हलत होते, आणि डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या मागे दाराकडे होते. मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तरी क्षणभर मला कळेना, स्टुलावर माझी नात आहे की तो.

तिला उचलून खाली घेतलं. हात गार पडले होते. अजूनही ते स्टूल मी रिकामं राहू देत नाही, निदान कांद्यांची टोपली तरी ठेवते.

बराच वेळ तिने माझा पदर सोडला नाही. मग स्टुलाकडे बघत, हळू पण स्पष्ट म्हणाली, "आजी, त्या बॉयला कोणी उतर म्हटलंच नाही. मग तो अजून तिथेच उभा आहे, इज इट?"