धुरातला मच्छरदानीवाला

“मच्छरदान्या इकता अन् सोता कॉइल लावून बसता, भाऊ?” एक बाई हसून म्हणाली.

“आत बसलो त मच्छरदानी वापरलेली होते, बाई. मंग कोन घेईन?” तो खोकत म्हणाला.

चामोर्शीच्या आठवडी बाजारात मी त्याला दर वेळी पाहते. बांबूला टांगलेल्या नायलॉनच्या गुलाबी, निळ्या मच्छरदान्या आणि त्यांच्याखाली पत्र्याच्या झाकणावर धुमसणारी कॉइल. वाऱ्याने एखादी झालर निखाऱ्याकडे झुकली, की तो बोलणं न थांबवता पायाच्या अंगठ्याने ती अलगद बाजूला सारतो. “धूर छातीले चांगला नाई,” असं गिऱ्हाइकाला समजावतो आणि पुन्हा खोकतो.

अनोळखी माणसाशी बोलायचं, तर माझं वाक्य मनात जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो. त्या दिवशी मात्र मच्छरदानीवाला त्या हसणाऱ्या बाईला मच्छरदानी उलगडून दाखवत असताना गुलाबी झालर कॉइलला टेकली. त्याने ती झटकन चोळून विझवली, पण बोटभर भोक पडलंच. मग तो स्वतःच हसला.

“घ्या! आता हे कोन घेते?”

मी पुढे झाले.

“तुम्हीच घ्या, भाऊ. भोक शिवा, कॉइल विझवा आणि आत बसा.”