गाडीचे चार दरवाजे
चूक माझीच होती. ओल्या दोरखंडाचा वास आला की ती आठवते. बरगी धरणाच्या पाण्यात, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, एकत्र बांधलेल्या दोन नावांवर आमची गाडी चालली होती. “दरवाजे खुले रखना बाबूजी, नाव पलटी तो निकल पाओगे,” नावाडी म्हणाला. मला वाटलं, याचा डोळा सामानावर आहे. आई आत बसलेली असतानाच मी खाली उतरून बाहेरून गाडी लॉक केली. “काहून बंद करून राहिला रे?” आई ओरडली. मध्येच नाव कलली, मी घाबरलो आणि माझ्या हातातली किल्ली पडली. नावाड्यानेच ती उचलून दार उघडलं आणि आईला बाहेर काढलं. परवा, इतक्या वर्षांनी, त्याच्याच नावेवर मी आपणहून चारही दरवाजे उघडले आणि म्हणालो, “भैया, उस दिन आपको चोर समझा था. माफ कर दो.”