शपथ झाली, नोंदणी नाही

राग ओसरल्यावर हे लिहायचं ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून आता लिहिते.

दहावीनंतर मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका संस्थेत नर्सिंगचा दीड वर्षाचा कोर्स केला. म्हणजे, मला तो नर्सिंगचा वाटला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढं गेलेलं नव्हतं. त्यामुळं प्रवेश घेताना विचारायचं काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, एकच प्रश्न विचारला, ‘‘सरकारी मान्यता हाय का?’’ संस्थेच्या मॅडमनी नुसतं बोट दाखवलं. बोर्डावर ‘शासनमान्य’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. आबा समाधानानं उठले.

खाली भांड्यांचं दुकान, वर संस्थेच्या दोन खोल्या. एक हात निखळलेला पुतळा होता आणि इंजेक्शन शिकायला मोसंबी. मोसंबीत सुई खुपसायची, दट्ट्या दाबायचा, की झालं. मग आम्हाला प्रॅक्टिकलच्या नावाखाली एका लहान हॉस्पिटलात पाठवलं. तिथं आम्ही मोसंबीऐवजी माणसं टोचली. सोबत शिकवणारं कुणी नव्हतं. पेशंट आम्हाला सिस्टर म्हणायचे, आम्हीही ओ द्यायचो.

कोर्स संपताना मॅडमनी मंगल कार्यालय घेऊन शपथविधी केला. खऱ्या नर्सिंग कॉलेजात तो असतोच. पांढरा गणवेश, हातात पेटता दिवा आणि रुग्णसेवेची शपथ. आमच्याकडे काही कमी नव्हतं, पाहुणेही होते, नारळही होता. आई नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. माझा दिवा पेटला तशी ती रडायला लागली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मी सिस्टर झाले. शपथ घेतली म्हणजे पोरगी नर्स झाली, असं आम्ही सगळेच धरून चाललो. शिकलेल्या घरात असं कुणी धरून चाललं नसतं. त्यांना विचारायला कुणीतरी असतं.

मग मी एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेले. समोर तिथल्या मुख्य नर्स, मेट्रन होत्या.

‘‘नर्सिंग काउन्सिलची नोंदणी?’’

‘‘होईल ना मॅडम. संस्था करून देते म्हणालेत.’’

‘‘संस्था कशी देईल? एएनएम, जीएनएम की बीएस्सी, काय केलंयस?’’

‘‘नर्सिंग केलंय.’’

‘‘बारावी झालीय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नर्सिंग नाही केलंस तू.’’

त्या टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवून घेतलं आणि सरळ सांगितलं. आधी बारावी. मग काउन्सिलनं मान्य केलेल्या कॉलेजात तीन वर्षांचं जीएनएम, नाहीतर चार वर्षांचं बीएस्सी. परीक्षा पास झालं की नोंदणी. नोंदणी असेल तरच नर्स. समोरचा चहा गार व्हायच्या आत त्यांचं सांगून झालं. दीड वर्षात एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन संस्थेत गेले. मॅडम एका मुलीचा प्रवेश करून घेत होत्या. मुलगी वडिलांच्या मागं अंग चोरून उभी होती, जशी मी उभी राहिले होते.

आई म्हणाली, ‘‘बाई, बोर्डावर शासनमान्य लिवलंय न्हवं?’’

‘‘अहो, संस्था शासनमान्य आहे. रीतसर नोंदवलेली. कोर्स मान्य आहे असं कुठं लिहिलंय? नीट वाचत चला.’’

‘‘वाचता येत न्हाई म्हनून तर पोरीला घातली.’’

मॅडम हसल्या. ‘‘एवढं मनावर घेऊ नका. लहान हॉस्पिटलांत आमच्या मुलींना केवढी मागणी आहे! तिथं नोंदणीबिंदणी कोण बघतं? काम तेच, गणवेश तोच.’’

मला चारचौघांत बोलता येत नाही. पण भिंतीवर, त्या वडिलांच्या डोक्याच्या बरोबर वर, शपथविधीचा फोटो लावलेला होता. त्यात दिवा धरून मीच होते. मी म्हणाले, ‘‘काका, ती फोटोतली मुलगी मी आहे. मी नर्स नाही. इथं शिकून होताही येत नाही.’’

ते फोटोकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. ‘‘पन शपथ देत्यात की,’’ ते म्हणाले. विनवणी केल्यासारखं.

आम्हाला बाहेर काढायला मॅडमनी शिपायाला हाक मारली. त्या मुलीचं पुढं काय झालं मला माहीत नाही. जिना उतरताना मागं वळून पाहिलं, वडील अजून खुर्चीवरच होते आणि मुलगी त्यांच्या मागं.

मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली आणि जीएनएमला लागले. मला वाटलं होतं, आता राग जाईल. उलट तो तिथंच वाढला. पहिल्याच वर्षी आमच्या ट्यूटरनी कमरेच्या इंजेक्शनची जागा शिकवली. हाडाच्या खुणा बोटांनी चाचपायच्या, भाग पाडायचे आणि फक्त वरच्या, बाहेरच्या भागात टोचायचं. कारण खाली पायाकडं जाणारी जाड नस असते. तिला सुई लागली तर माणूस लंगडा होऊ शकतो. सगळ्या मुली वहीत आकृती काढत होत्या. माझं पान कोरंच होतं. मोसंबीला नस नसते. आम्हाला माणसांवर सोडणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं की माहीत असून चालत होतं? दोन्हींचा मला सारखाच संताप येतो. माझी वर्षं गेली ती गेली. पण ते पेशंट कोण होते, आता नीट चालतात का, हे मी कुणाला विचारू?

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा शेजारच्या काकू दंडावरची बाही वर सरकवतच आत आल्या. ‘‘सिस्टर, बीपी बघ गं जरा.’’

मी उठणार तोच आई आतून म्हणाली, ‘‘अजून सिस्टर न्हाई ती. परीक्षा हाय, मग नोंदनी. तवा म्हना.’’

काकू ओशाळल्या. मला आईचा अभिमान वाटायला हवा होता. पण ज्या बाईला माझी सही ओळखता येत नाही, तिला ‘नोंदणी’ हा शब्द असा शिकावा लागला, याचीच मला चीड आली. मी काकूंना दवाखान्यात जायला सांगितलं आणि परत अभ्यासाला बसले.