पुढचा डावा, मागचा उजवा

आमच्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे एक पिवळा दिवा लागतो. उभी चिरलेली कढई आणि तिच्यात उद्गारचिन्ह, असं त्याचं चित्र. कुठल्यातरी टायरात हवा कमी आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. त्या नखाएवढ्या दिव्याने महिनाभर आमच्या घराला नाकी नऊ आणले, आणि सगळ्यात जास्त पोळले ते माझे सासरे.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. डेपोत त्यांना सगळे ‘वैद्य’ म्हणायचे. बस काढण्याआधी ते लोखंडी पाना घेऊन तिच्याभोवती फिरायचे, प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठला टायर बसलाय ते सांगायचे. एकतीस वर्षांत माझ्या बसचा टायर रस्त्यात फुटला नाही, हे वाक्य या घरात आल्यापासून मी दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. निरोपाला मिळालेलं घड्याळ कपाटात पडून आहे. पाना मात्र आमच्या गाडीच्या दारातल्या खणात असतो.

आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्यांना, डायलिसिसला नेतात. बाकीचे दिवस गाडी माझ्याकडे, ऑफिस हायवेच्या पार टोकाला आहे म्हणून. बाबांच्या मणक्याचं दुखणं निघाल्यापासून डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे आणि माझा नवरा तेव्हापासून त्यांच्या हातातली किल्ली काढून घ्यायला निमित्त शोधतोय. बाबांना ते पक्कं ठाऊक आहे. त्या दोन फेऱ्या गेल्या तर दिवसभर खुर्चीत बसून राहायचं, हेही.

दिवा लागला आणि निमित्त आयतं मिळालं.

स्क्रीनवर गाडीचं चित्र येतं आणि चार चाकांपाशी चार आकडे. तीन चाकांना तेहतीस, पुढच्या डाव्याला चोवीस, तोही लाल. नवरा पंपावर गेला, तर तिथल्या मशीनने पुढच्या डाव्यात तेहतीस दाखवले. दिवा तसाच. टायरवाल्याने ते चाक पाण्यात बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. दिवा तसाच. सर्व्हिस सेंटरमधल्या गळ्यात पट्टा घातलेल्या माणसाने लॅपटॉप जोडला, दोनदा मान हलवली आणि निकाल दिला, “सेन्सर खोटं बोलतोय मॅडम. नवीन मागवावा लागेल. तोपर्यंत दिव्याकडे लक्ष देऊ नका.” दिव्याकडे लक्ष द्यायचं नसेल तर तो बसवता कशाला, हे मी विचारणार होते, पण त्याने तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं होतं.

बाबांचं वेगळंच चाललेलं. चारही टायर ठोकायचे आणि म्हणायचे, “मागचा उजवा बसलाय.”

“बाबा, स्क्रीनवर पुढचा डावा दाखवतोय,” नवरा म्हणायचा.

“स्क्रीनला कान आहेत का?”

रोज जेवताना हेच. वर मंगळवारी आणि शुक्रवारी दिवा आपोआप बंद व्हायचा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा उगवायचा. सेन्सर लूज असणार, असं नवऱ्याचं मत. गाडी आत्यांना घाबरते, असं माझं. एका शुक्रवारी बाबांनी वाटेत तीनदा थांबून टायर ठोकले, आत्या दवाखान्यात चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या आणि त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलं गेलं. त्या संध्याकाळी नवऱ्याने स्पष्टच सांगितलं, “पुन्हा असं झालं तर किल्ली माझ्याकडे द्यायची, बाबा.”  बाबा मान खाली घालून जेवत राहिले. मला दोघांचाही वैताग आला होता.

पुढच्या मंगळवारी माझी सुट्टी होती. सकाळी खाली आले तर आत्या पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर तयार आणि बाबा मागच्या उजव्या चाकापाशी, पायपंप लावून घामाघूम. माझं डोकंच फिरलं. सगळं घर पुढच्या चाकामागे धावतंय आणि हे गुपचूप मागे हवा भरतायत. आज सोक्षमोक्षच लावू म्हणून मी गाडीत बसले, चावी फिरवली आणि स्क्रीनकडे बघत म्हटलं, “मारा पंप. बघू काय फरक पडतो ते.”

मागे बाबा पंप मारत होते आणि स्क्रीनवर पुढच्या डाव्याचा आकडा चढत होता. पंचवीस. सत्तावीस. तीस.

मी खाली उतरले. डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता आणि तो मला आवडत नव्हता.

“बाबा, चाकं कोणी हलवली?”

त्यांनी पंपाची नळी गुंडाळायला घेतली. फार सावकाश गुंडाळली.

“फिरवली,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं परगावी गेला होतात तेव्हा. पुढची मागे, मागची पुढे, तिरकी, डावी उजवीकडे. दर सहा महिन्यांनी फिरवावीच लागतात. नाहीतर टायर एका बाजूने झिजतात.”

“एकट्याने?”

“जॅक होता की.”

मी कपाळाला हात लावला. मग त्यांना समजावलं की प्रत्येक चाकात एक सेन्सर असतो आणि कुठला सेन्सर कुठे आहे ते गाडी लक्षात ठेवते. चाक हलवलं तर आमच्या गाडीला ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती जुन्याच जागा धरून बसते.

“म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं,” बाबा म्हणाले.

“तुमच्याशिवाय,” मी म्हटलं.

“अरे, मला नऊला मशीनवर चढायचंय,” आत्या आतून म्हणाल्या. “तुमचं उरकलं की सांगा.”

पण बाबा हलले नाहीत. ते मागच्या चाकाकडे बघत होते.

“तू रोज हायवेने जातेस,” ते म्हणाले. “या चाकावर.”

“हो. दिव्याकडे लक्ष देऊ नका म्हणाले होते.”

“मी फक्त मंगळवार-शुक्रवार हवा भरायचो. आमच्या फेरीपुरती. रोज भरली असती तर तुम्ही विचारलं असतं, आणि मग जॅकचं निघालं असतं.” त्यांनी पंप खाली ठेवला. “किल्ली जाईल म्हणून गप्प बसलो. तुझा विचारच केला नाही गं.”

मला राग आला. खरा राग. महिनाभर कमी हवा असलेल्या चाकावर मी ट्रकांच्या मधून गाडी पळवत होते आणि या घरात ते एका माणसाला माहीत होतं. मी ते तसंच त्यांना ऐकवलं. ते सरळ उभे राहून ऐकत होते.  मग मी स्वतः गाडी चालवली, आत्यांना पोचवलं आणि येताना टायरवाल्याकडून मागच्या उजव्यातला बोटाच्या पेराएवढा स्क्रू काढून घेतला. त्याच्याचकडे गाडीला चाकांच्या नव्या जागाही शिकवल्या. दिवा विझला.

नवऱ्याला सांगावं की नाही, यावर मी दिवसभर डोकं शिणवलं. पण संध्याकाळी तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच बाबांनी स्वतःच सगळं सांगितलं, जॅकपासून हायवेपर्यंत, आणि किल्ली टेबलावर ठेवली. महिनाभर ज्या किल्लीवर डोळा होता ती समोर पडलेली, आणि नवऱ्याला ती उचलायला जड जात होतं. शेवटी त्याने उचलली.

शुक्रवारी रजा काढून तो आत्यांना घेऊन गेला. बाबा सकाळपासून खुर्चीत, हातात वर्तमानपत्र, पान एकदाही उलटलं नाही. दुपारी नवरा परतला तो तोंड पाडून. आत्यांनी जाता-येता त्याचा उद्धार केला होता. तो ब्रेक मारतो की सूड उगवतो, असं त्यांनी नर्ससमोर विचारलं होतं. मंगळवारपासून भाऊ नेणार नसेल तर आपण घरीच मरू, असंही कळवलं होतं.

नवऱ्याने किल्ली खिळ्याला अडकवली. “जॅक माझ्या कपाटात राहील,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. बाबांनी मान डोलावली आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले. गाडी सुरू केली. स्क्रीनवर चारही आकडे तेहतीस, दिवा विझलेला. हायवेला लागायचं होतं आणि माझा पाय क्लचवरून उठेना. शेवटी खाली उतरले आणि गॅलरीकडे बघून हाक मारली.

“बाबा, जरा खाली येता?”

ते चप्पल सरकवत आले. “दिवा लागलाय?”

“नाही.”

“मग?”

मी दारातला पाना काढून त्यांच्या हातात दिला.